ॲपवर आकडा तोच, पण लाट वेगळीच का? बीच ब्रेक नीट समजून घेऊया

आम्ही सर्फिंग करतो तो बीच ब्रेक, म्हणजे वाळूच्या तळावर लाट फुटते असा किनारा. परवा सकाळी लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवर लाटेची उंची १.२ मीटर दाखवत होतं आणि काल सकाळीही १.२ मीटरच. परवा लाट लांबून उभी राहत होती, एका टोकाला फुटायची आणि मग ते फुटणं आरामात बाजूला सरकत जायचं, बोर्डवर उभं राहून वळायला, परत वर चढायला भरपूर वेळ मिळत होता. काल तोच बीच, जवळपास तीच वेळ, वारा पण सारखाच, आणि अख्खी लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीसारखी उभी राहून एकदम धाडकन कोसळत होती, उभं राहीपर्यंत पुढे फक्त फेस. सोबतचा नवीन मुलगा म्हणाला की ॲप चुकलंय. ॲप चुकलं नव्हतं. तो आकडा खोल समुद्रातला असतो, आणि खोल समुद्रातून तुमच्या पायाखालच्या वाळूपर्यंत येताना लाटेचं काय काय होतं ते त्या एका आकड्यात मावत नाही. हे सगळं एकदा नीट कळलं ना की अंदाज वाचायची पद्धतच बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी लाट येते कुठून ते बघू. तुमच्या बीचवर जी चांगली लाट येते ती बहुतेक वेळा तुमच्या बीचवरच्या वाऱ्याने तयार झालेली नसते. कुठेतरी शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब समुद्रात वादळ झालेलं असतं, तिथे वारा पाण्यावर घासत राहतो आणि त्यातून लाटा तयार होतात. किती मोठ्या होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा जोर किती, तो किती तास टिकला, आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला. या लांबीला फेच म्हणतात. जोराचा वारा पण फेच छोटा, तर लाटा छोट्याच राहतात, म्हणून तलावात कितीही वारा सुटला तरी सर्फिंगची लाट सहसा होत नाही.

वादळाच्या आत समुद्र नुसता खवळलेला असतो, छोट्या मोठ्या लाटा एकमेकींवर चढलेल्या, दिशा कशालाच नाही. तिथून बाहेर पडल्यावर मात्र त्या आपोआप वेगळ्या होत जातात, कारण खोल पाण्यात लांब लाट जोरात पळते आणि आखूड लाट मागे राहते. हजार दोन हजार किलोमीटर गेल्यावर गोंधळ संपून सरळ रांगा उरतात, यालाच स्वेल म्हणायचं. आणि इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पाणी स्वतः प्रवास करत नाही. पाण्यावर तरंगणारा लाकडाचा तुकडा बघा, लाट आली की तो वर जातो, थोडा पुढे, मग खाली, थोडा मागे, आणि जवळपास जागच्या जागी परत येतो. पुढे जाते ती ऊर्जा.

ही ऊर्जा किती लांब जाऊ शकते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. वॉल्टर मंक म्हणून समुद्रशास्त्रज्ञ होते, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्यासोबत लाटांचा अंदाज बांधायची पद्धत तयार केली, सैन्याच्या बोटी किनाऱ्यावर उतरवायला तो अंदाज लागायचा. आज आपण ॲपवर जे बघतो त्याची सुरुवात तिथून झाली. पुढे १९६३ मध्ये त्यांच्या टीमने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागर ओलांडून एकामागे एक मोजणीची ठिकाणं लावली आणि दक्षिणेकडच्या वादळातून निघालेली स्वेल थेट अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत पकडून दाखवली. दहा हजार किलोमीटरच्या वर प्रवास, आणि वादळाच्या जवळचा भाग सोडला तर वाटेत ऊर्जा फारच कमी खर्च झालेली.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे येऊ ज्याच्याकडे नवीन लोक बघतच नाहीत. उंचीच्या शेजारी ॲपवर ९ से., १४ से. असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो पीरियड, म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यावर दुसरीचा माथा त्याच जागेवरून जायला किती सेकंद लागतात. माझं स्पष्ट मत आहे की दोन्हीपैकी एकच आकडा बघायला मिळणार असेल तर मी पीरियड बघेन.

का ते आकड्यांत बघा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची असेल तर पीरियडचा वर्ग करायचा आणि १.५६ ने गुणायचं. ८ सेकंदाची लाट साधारण १०० मीटर लांब. १६ सेकंदाची? लोकांना वाटतं २०० असेल, पण ती येते ४०० मीटर. पीरियड दुप्पट झाला की लांबी चौपट. आणि लाटेची हालचाल पाण्यात खाली साधारण अर्ध्या लांबीपर्यंत जाते, म्हणजे ८ सेकंदाच्या लाटेला तळ ५० मीटर खोलीवर जाणवायला लागतो तर १६ सेकंदाच्या लाटेला २०० मीटर खोलीवरच. वरून दोघी एक मीटरच्या दिसतात, पण एक नुसती वरवरची आणि दुसरी खोलवर पाणी हलवत येणारी.

तळ जाणवला की लाटेचा वेग कमी होतो, वेग कमी झाला की मागची ऊर्जा दाटीवाटीने गोळा होते आणि लाट उंच होते. लांब पीरियडच्या लाटेची उंची यात जास्त वाढते. किनाऱ्यावर फुटताना लाट किती उंच असेल याचा अंदाज काढायचं एक जुनं सूत्र आहे, त्यात घालून बघितलं तर खोल समुद्रातली १ मीटर आणि ८ सेकंदाची लाट फुटताना साधारण १.४ मीटर होते, आणि १ मीटर पण १५ सेकंदाची असेल तर १.८ च्या आसपास. हे सरळ, एकसारख्या उताराच्या किनाऱ्यासाठी आहे, खऱ्या बीचवर यात बराच फरक पडतो, पण दिशा हीच.

प्रवासाचा हिशोब पण याच आकड्यातून निघतो. लाटांचा जो अख्खा घोळका येतो त्याचा वेग एकट्या लाटेच्या निम्मा असतो, १४ सेकंदाच्या स्वेलसाठी साधारण ताशी ३९ किलोमीटर, म्हणजे दिवसाला ९४० च्या आसपास. तीन हजार किलोमीटरवर वादळ झालं तर तीन दिवसांनी थोडं पुढे तुमच्याकडे पोचणार. आणि लांब पीरियडवाल्या लाटा पुढे पळत असल्यामुळे त्या आधी येतात, म्हणून अंदाजात तुम्हाला असं दिसेल की उंची अजून अर्धा मीटरच आहे पण पीरियड एकदम १७, १८ ला गेलाय. ते बघून दुर्लक्ष करू नका, बहुतेक वेळा मोठी स्वेल दाराशी आल्याची ती खूण असते, पुढच्या दिवसभरात उंची वाढते आणि पीरियड हळूहळू खाली येतो.

उंचीबद्दल अजून एक. अंदाजात जी उंची देतात ती सरसकट सगळ्या लाटांची सरासरी नसते, सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे १.२ मीटर लिहिलंय याचा अर्थ बऱ्याच लाटा त्याहून छोट्या येतील, काही मोठ्या येतील, आणि दोन तीन तास पाण्यात बसलात तर एखादी जवळपास दुप्पट उंचीची पण येऊ शकते. ती आली की सगळे जण जीव तोडून समुद्राच्या दिशेने पॅडल मारतात, आणि लोक म्हणतात अचानक कुठून आली. ती आकड्यात होतीच.

आता वाळू. बीच ब्रेक म्हणजे खाली खडक नाही, प्रवाळ नाही, नुसती वाळू. खडकावर फुटणारी लाट वर्षानुवर्षं त्याच जागी त्याच पद्धतीने फुटते. वाळूचं तसं नाही, वाळू सरकते.

लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या १.३ पट खोलीवर फुटते. दीड मीटरची लाट असेल तर पाणी दोन मीटर उरलं की ती कोसळणार. बीचवर पाण्याखाली वाळूचे दांडे तयार झालेले असतात, सँडबार म्हणतो आपण, किनाऱ्यापासून थोडं लांब एक उंचवटा, त्याच्या आतल्या बाजूला खोलगट पट्टा, मग परत उतार चढत पुळणीला लागतो. लाट येते, दांड्यावर पाणी उथळ मिळालं की फुटते, आत खोलगट पट्ट्यात आली की बऱ्याचदा पुन्हा गोळा होते, आणि शेवटी अगदी काठाला येऊन परत फुटते. किनाऱ्यावर उभं राहिलं की पांढरा पट्टा, मग मधेच हिरवं पाणी, मग परत पांढरा पट्टा असं जे दिसतं ना, तो तळाचा नकाशाच तुमच्यासमोर मांडलेला असतो.

सर्फिंगला हवी तशी लाट कधी मिळते? जेव्हा लाटेचा एक भाग आधी उथळ पाण्यात शिरतो आणि बाकीचा भाग नंतर. जो आधी शिरला तो आधी फुटतो, तो पीक, आणि मग फुटणं बाजूला सरकत जातं. दांडा मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असेल तर लाट मधून फुटून डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना पळते, दोन जण दोन दिशांना जाऊ शकतात. पण दांडा किनाऱ्याला समांतर, सरळ, एकाच उंचीचा असेल आणि लाटही सरळ रांगेत येत असेल तर सगळी लाट एकाच क्षणी उथळ पाण्यात शिरते आणि एकाच क्षणी कोसळते. हाच क्लोजआउट.

आता परत त्या दोन सकाळींकडे या. परवा पीरियड होता ९ सेकंद, आणि शिवाय थोड्या वेगळ्या दिशेने अजून एक छोटी स्वेल येत होती. दोन दिशांच्या लाटा एकमेकींना छेदतात तिथे पाणी उंच होतं, मधल्या जागी कमी राहतं, म्हणजे लाटेची सरळ रांग राहतच नाही, तुकडे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा पीक मिळतो. काल पीरियड १५ झाला होता, दुसरी स्वेल संपली होती, आणि शंभर शंभर मीटर रुंद सरळ रांगा थेट समोरून दांड्यावर येत होत्या. दांडा तोच, उंचीचा आकडा तोच. म्हणून बीच ब्रेकवर "पीरियड जितका लांब तितकं छान" हे सरसकट खरं नाही. खडकाच्या टोकाला वळसा घालून फुटणाऱ्या जागांना लांब पीरियड सोन्यासारखा, पण सरळ दांड्याच्या बीचला ८ ते ११ सेकंदाची, थोडी तिरकी, दोन स्वेल मिसळलेली सकाळ खूपदा जास्त चांगली जाते. मला स्वतःला हे समजायला बरीच वर्षं लागली, कारण सगळे जण मोठ्या पीरियडचंच कौतुक करत असतात.

तळाचा आकार किनाऱ्यापासून लांब असेल तरी फरक पडतो. पोर्तुगालमधलं नाझारे प्रचंड लाटांसाठी प्रसिद्ध आहे, सर्फर सेबास्टियन श्टॉइटनरने २९ ऑक्टोबर २०२० ला तिथे २६.२१ मीटरची लाट चालवली, तो सगळ्यात मोठी लाट चालवल्याचा विक्रम म्हणून नोंदला गेला. ती जागा सुद्धा वाळूचाच बीच आहे. पण समोर समुद्राच्या तळाशी प्रचंड खोल दरी आहे, दरीवरून येणारा लाटेचा भाग जोरात येतो, बाजूच्या उथळ भागावरचा मंदावतो, म्हणून लाट वळते आणि दोन भाग एकाच जागी येऊन एकमेकांवर चढतात. फ्रान्समध्ये ऑसगोरला पण समोर अशीच दरी आहे, म्हणून तिथे बीच ब्रेक असूनही लाटा इतक्या जोरदार येतात. एवढी मोठी दरी सगळीकडे नसते, पण छोट्या प्रमाणात हे प्रत्येक बीचवर होतं, त्याच बीचच्या एका टोकाला लाट छातीएवढी आणि पाचशे मीटरवर कमरेएवढी असते ती याच कारणाने.

भरती ओहोटीचं गणित आता सोपं जाईल. दांडा जागच्या जागी आहे, वरचं पाणी कमी जास्त होतंय. पूर्ण भरतीला दांड्यावर इतकं पाणी असतं की लाटेला तो जाणवतच नाही, ती वरून सरकत येते आणि थेट काठावर आपटते, तिथे पाणी गुडघाभर, मान आणि खांदे मोडायची जागा ती. पूर्ण ओहोटीला दांड्यावर पाणी फार कमी, लाट एकदम उभी राहून जोरात कोसळते. मधे कुठेतरी एक वेळ असते जेव्हा बरोब्बर जमतं, आणि ती वेळ प्रत्येक दांड्याची वेगळी.

ती वेळ किती छोटी असू शकते हे कळायला बाराव्या भागाचा नियम उपयोगी पडतो. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास धरा, पहिल्या तासात पाणी एकूण चढायचंय त्याच्या बाराव्या हिश्श्याइतकं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. एकूण फरक ३ मीटरचा असेल तर त्या दोन तासांत दीड मीटर! साडेसातला मस्त चालू होतं आणि नऊला काहीच नाही, असं होतं ते यामुळे. अमावस्या पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते तेव्हा कमी, आणि तेव्हा चांगली वेळ जास्त टिकते. बहुतेक किनाऱ्यांवर रोज भरतीची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून कालची वेळ आज तशीच धरून चालणार नाही. जगात अशा पण जागा आहेत जिथे भरती ओहोटीत अर्ध्या मीटरचा सुद्धा फरक नसतो, तिथे हा सगळा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

वाऱ्याबद्दल शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. पहाटे सर्फिंगला जायचं म्हणतात ते याचसाठी, पहाटे एकतर वारा पडलेला असतो किंवा जमिनीकडून येत असतो. जमिनीकडून येणारा वारा लाटेच्या तोंडावर, म्हणजे किनाऱ्याकडच्या उभ्या बाजूवर येतो, तिला धरून ठेवतो, कोसळायला उशीर करतो, त्यामुळे लाट उभी, गुळगुळीत आणि आतून पोकळ होते. अशा सकाळी पाण्यात बसलात तर लाट तुमच्या पुढे निघून जाते आणि तिच्या माथ्यावरून मागे उडालेले तुषार दोन तीन सेकंद तुमच्या अंगावर पावसासारखे पडत राहतात, थेंबांचा पाण्यावर टपटप आवाज ऐकू येतो, क्षणभर त्यात इंद्रधनुष्य पण दिसतं. खारा वारा सुटला की याच्या उलट, तो लाटेला मागून ढकलतो, ती वेळेआधी आणि खोल पाण्यात फुटायला लागते, तोंडावर खडबडीत छोट्या लाटा उठतात आणि वरून फेस घरंगळत राहतो.

जमिनीकडचा वारा चांगला म्हणून कितीही जोराचा असला तरी चालतो असं मात्र नाही. फार जोर असेल तर लाटेत शिरताना वारा बोर्डखाली घुसून तुम्हाला माथ्यावरच अडवून धरतो, डोळ्यात पाणी उडतं, काही दिसत नाही, आणि हलक्या बोर्डवर दमलेला माणूस नकळत आत समुद्राकडे ढकलला जातो. शिकणाऱ्यांनी असे दिवस सोडलेलेच बरे. दिशेच्या नावात पण खूप जण फसतात, वारा आणि स्वेल दोन्ही कुठून येतात त्यावरून नाव पडतं, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे सर्फिंग करत नसाल, नुसते पोहायला किंवा पाय भिजवायला जात असाल तरी वाचा. लाटा दांड्यावरून किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, ते पाणी परत कुठूनतरी बाहेर जायलाच हवं, मग ते दोन दांड्यांच्या मधली खोल फट शोधतं आणि तिथून जोरात बाहेर वाहतं. हा रिप करंट. फट खोल असल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे एक शांत, गडद रंगाचा पट्टा, वर कधी बारीक खळबळ, कधी गढूळ वाळू किंवा फेसाचे तुकडे बाहेरच्या दिशेने जाताना दिसतात. नवीन माणसाला सगळ्यात सुरक्षित तीच जागा वाटते आणि लहान मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात, हे बघताना माझ्या पोटात खड्डा पडतो.

रिपचा वेग बऱ्याचदा सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असतो पण जोराचा असेल तर सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, आणि त्या वेगाच्या विरुद्ध पट्टीचा पोहणारा सुद्धा टिकत नाही. रिप माणसाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. माणसं बुडतात ती घाबरून, किनाऱ्याकडे सरळ परत पोहायच्या प्रयत्नात दमून. म्हणून सापडलात तर आधी तरंगत राहा, श्वास सांभाळा, हात वर करून मदत मागा, आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटून पांढरं दिसतंय तिकडे सरका, कारण पांढरं म्हणजे उथळ आणि तिथली लाट तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलते. बोर्ड असेल तर तो कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. दुसऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी मारू नका, तरंगणारं काहीतरी सोबत घ्या किंवा जीवरक्षकाला हाक मारा. पाणी उतरत असताना, ओहोटीच्या बाजूला, बऱ्याच बीचवर रिप जास्त जोर धरतात.

मुरलेले सर्फर रिपचा हाच पट्टा आत समुद्रात जायला वापरतात, फेसाशी मारामारी न करता. पण तो आधी काठावरून ओळखता येईपर्यंत वापरायचा विचारही करू नका.

ओळखायचं कसं? बघून. पाण्यात जायच्या आधी वीस मिनिटं, शक्य असेल तर थोड्या उंच जागेवरून. दोन तीन मिनिटं बघून काही कळत नाही, कारण जवळजवळच्या पीरियडच्या लाटा कधी एकमेकींना साथ देतात तर कधी एकमेकींना मारतात, म्हणून मोठ्या लाटा तीन, पाच, सात अशा घोळक्याने येतात आणि मधे कितीतरी मिनिटं शांत. त्या शांत वेळात बघून आत शिरलात की पहिला सेट, म्हणजे मोठ्या लाटांचा घोळका, डोक्यावर. पीरियड पण इथेच मोजून घ्या, दांड्याच्या बाहेर पाण्यात एखादी जागा नजरेत पकडा, बोया, म्हणजे नांगरलेला तरंगता पिंप, असेल तर उत्तम, तिथून एक माथा गेला की मोबाइलवर घड्याळ सुरू करा, तो शून्य, मग दहावा माथा गेला की बंद, आलेल्या सेकंदांना दहाने भागा. ॲपवर १४ आणि तुमच्या मोजणीत ८ आले तर समजायचं की लांबची स्वेल अजून पोचली नाही किंवा जवळच्या वाऱ्याच्या लाटा तिच्यावर स्वार झाल्यात.

आणि पाण्यात असलेल्या एखाद्या सर्फरकडे बघा. तो बसल्या जागी किनाऱ्याला समांतर सरकतोय का? स्वेल तिरकी येत असेल तर किनाऱ्यालगत एक प्रवाह तयार होतो आणि बसल्या बसल्या माणूस अर्ध्या तासात दोनशे मीटर लांब जातो, त्याला कळत पण नाही. म्हणून आत जाताना किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकामागे एक पकडून ठेवायच्या, पुढे एखादा खांब आणि मागे एखादं झाड, दोघं एका रेषेत दिसतायत तोवर तुम्ही तुमच्या पीकवर आहात. पीकच्या सगळ्यात जवळ जो असेल लाट त्याची, त्याच्या पुढ्यात उतरायचं नाही, हा नियम जगात सगळीकडे सारखा आहे आणि तो भांडणापेक्षा जखमा टाळायला जास्त लागतो.

वाळू सरकते असं वर म्हटलं ते आता पूर्ण करतो. मोठ्या वादळात उंच, आखूड, जोरदार लाटा पुळणीची वाळू खरवडून समुद्राकडे नेतात आणि बाहेरच्या बाजूला दांडा करून ठेवतात. बीच अरुंद झालेला दिसतो, काठाला वाळूची उभी कड पडते. मग शांत दिवस आले की लांब, कमी उंचीच्या स्वेल तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्याकडे ढकलतात, आणि या परतीच्या प्रवासात दांडा सरळ राहत नाही, वाकतो, तुटतो, त्यात फटी पडतात, चंद्रकोरीसारखे आकार होतात. सर्फिंगचे सगळ्यात चांगले दिवस बहुतेक वेळा या मधल्या काळातले. एल. डी. राइट आणि ए. डी. शॉर्ट या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या बीचेसचा अभ्यास करून १९८४ मध्ये याच्या सहा अवस्था मांडल्या, एका टोकाला रुंद, सपाट, बारीक वाळूचा, नुसता फेसच फेस असलेला बीच, दुसऱ्या टोकाला चढा, जाड वाळूचा, जिथे लाट थेट काठावर आपटते, आणि मधल्या चार अवस्थांमध्ये दांडे आणि रिप. एकच बीच वादळ आणि शांत दिवसांप्रमाणे यातल्या एकातून दुसऱ्या अवस्थेत जातो. वाळू बाहेर जायला एक दोन दिवस पुरतात, परत यायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

म्हणून एक काम नक्की करा. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत, जेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा बोर्ड न घेता बीचवर जा आणि ओहोटीच्या अगदी शेवटच्या अर्ध्या तासात पाण्याच्या कडेने चालत राहा. नेहमी पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडलेली दिसेल, कुठे घट्ट, बारीक लहरी पडलेली, कुठे पाय घोट्यापर्यंत रुतेल इतकी मऊ, मधे लांबट डबकं साचलेलं असेल तो आतला खोलगट पट्टा, आणि त्या डबक्यातलं पाणी ज्या एका बाजूने समुद्राकडे वाहत असेल तिथे उभे राहा, घोट्याला ओढ जाणवेल, भरती आल्यावर रिप तिथेच असणार. उंच जागेवरून फोटो काढा, फोटोत झाड, खांब असं काहीतरी न हलणारं येऊ द्या, आणि त्यावर तारीख टाका. पुढचे काही आठवडे ॲपवरचा आकडा वाचताना तो फोटो शेजारी उघडून ठेवा, आणि मोठं वादळ येऊन गेलं की तो काढून टाकून परत चालत जाऊन नवीन काढा.